मातीला जाऊन आलो: पासली ते मॉरिशस

पासलीहून निघालो तेव्हा भात कापणीला आलं होतं. एसटी वळणं घेत उतरत होती आणि दोन्ही अंगांना पिवळी खाचरं दिसत होती. खिडकीशी माझे सासरे बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. कापणीच्या दिवसांत त्यांनी कधी गाव सोडलेलं मला आठवत नाही. शेजारच्या तात्यांना "माझं बी तुमीच आवरा," एवढंच सांगून ते निघाले होते. अंगात पांढरा शर्ट आणि पायजमा, डोक्यावर टोपी, मांडीवर एक गाठोडं. त्या गाठोड्याला त्यांनी मला हात लावू दिला नाही.

नसरापूरला माझी आई आणि माझी मुलगी मुक्ता आम्हाला पोचवायला उत्रोलीहून आल्या होत्या. मुक्ता अकरावीत आहे. सुट्टीभर ती आजीकडेच राहणार होती. तिने आबांच्या पाया पडून विचारलं, "आबा, भीती नाही ना वाटत विमानाची?"

"इमानाची कसली भीती?" आबा म्हणाले. "पुढं काय बगाया मिळतंय, त्याची वाटती."

आता हा प्रवास कशासाठी होता ते सांगायला हवं.

मी नसरापूरजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. माझे पती विलास वायरमन होते. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या बांधकामावर ते मॉरिशसला गेले. जगाच्या नकाशावर मी वर्गात कितीतरी वेळा तो देश दाखवला होता. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या उजव्या अंगाला, मादागास्करच्याही पलीकडे. खडूचं टोक टेकवलं की बेट झाकून जायचं. विलास गेल्यावर मात्र मी तिथे खडू टेकवताना जरा बाजूला टेकवू लागले.

या वर्षाच्या सुरुवातीला तिथे मोठं चक्रीवादळ आलं. त्या वादळात विलास झोपेतच गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. फोन बंद, विमानतळ बंद. दोन दिवसांनी एका अनोळखी बाईचा फोन आला. पाठ्यपुस्तकातल्यासारख्या मराठीत ती म्हणाली, "ताई, येथे वीज नाही. देह राखणे शक्य नाही. अंत्यसंस्कारासाठी आपली अनुमती हवी." मी फोन आबांकडे दिला. त्यांनी ऐकून घेतलं, "उरका," म्हणाले आणि फोन परत माझ्या हातात ठेवला.

पण दहाव्याला न्हावी दारात आला तेव्हा आबांनी त्याला माघारी लावलं. "म्या मातीला न्हवतो," ते म्हणाले. आमच्याकडे अंत्ययात्रेला माती म्हणतात. "म्या तोंड बगितलं न्हाई. कुनाचं दहावं करू?" भेटायला आलेल्या बायकांनी उंबऱ्याशी गळा काढला, तर त्यांनाही त्यांनी थांबवलं. "ह्या घरात कोन रडू नका. अजून काय झाल्यालं न्हाई." त्यानंतर आमच्या दारात सांत्वनाला कुणी आलं नाही. मी शाळेत जायचे, यायचे. टिकली लावावी की लावू नये, हेसुद्धा मला कळत नव्हतं. विलासांचं नाव आबांसमोर वर्तमानकाळात घ्यायचं आणि शाळेत भूतकाळात, अशी मी दोन व्याकरणं सांभाळत होते.

गणपती झाल्यावर एके दिवशी आबांनी विचारलं, "सुनिता, तितं जाता येतंय का?"

पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांना टोपी काढायला लागली. तेवढ्यापुरतीच काढली.

विमान मुंबईहून पहाटे उडालं आणि उजाडल्यावर खाली पाण्याशिवाय काहीच दिसेना. तास गेले तरी पाणीच. आबा एकदाच बोलले. "एवढं पानी वलांडून त्यो कशापायी आला आसंल?" मुक्ताच्या शिक्षणासाठी, हे त्यांनाही माहीत होतं.

मग बेट दिसलं. आधी समुद्रात एक पांढरी रेघ. ते प्रवाळाचं कडं. त्यावर फुटणाऱ्या लाटांचा फेस सगळ्या बेटाभोवती कुंपणासारखा फिरलेला. त्याच्या आत पाण्याचा रंग एकदम फिका, पोपटी निळा. मधोमध टोकदार काळे डोंगर आणि त्यांच्या पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंत हिरवा ऊस. हा देश इतका लहान आहे की आपल्या पुणे जिल्ह्यात असे सातेक देश मावतील. पण वरून पाहताना तो लहान वाटला नाही. कुठेतरी तिथे माझा माणूस राख झाला होता.

विमानतळावर आबांचं गाठोडं उघडलं गेलं. आत भात निघालं. टरफलासकट, आमच्या खाचरातलं, नव्यातलं सर्वांत आधी तयार झालेलं. तपासणीला एक सावळी, उंच बाई होती. तिने मोडक्या हिंदीत सांगितलं की बियाणं देशात आणता येत नाही. बेटाला रोगराई लागली तर सगळी शेती जाते.

मी आबांना समजावून सांगितलं. मला वाटलं, ते वाद घालतील. त्यांनी ओंजळभर भात हातात घेतलं, वास घेतला आणि पुन्हा कपड्यावर ठेवलं. "बराबर हाय तिचं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या वावरात इचारल्याबिगार बी टाकू ने." बाईला शब्द कळले नाहीत, पण तिने गाठोडं दोन्ही हातांनी उचलून नेलं, एका हाताने ओढून नाही. एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

बाहेर शकुंतला आणि तिचा नवरा देवानंद उभे होते. फोनवरचा तो आवाज शकुंतलेचा होता. पन्नाशीची, कुंकू लावलेली, फुलाफुलांचा झगा घातलेली ही बाई तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. देवानंद बस चालवतो. त्याला मराठी आरत्या तोंडपाठ आहेत, पण बोलता येत नाही. तो क्रेओल बोलतो. फ्रेंच मालकांच्या शब्दांतून आफ्रिकेहून आणलेल्या गुलामांनी घडवलेली ही भाषा आज सगळ्या बेटाची घरातली बोली आहे.

"आपले स्वागत आहे. प्रवास सुखाचा झाला का?" शकुंतलेने विचारलं.

आबा माझ्याकडे वळले. "ही बाय रेडिओवानी बोलती की गं."

गाडी पश्चिमेकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, काही ठिकाणी तोडणी चालू, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. आबांनी गाडी थांबवायला सांगितली. शकुंतलेने सांगितलं, "ही जमीन सर्वत्र दगडांची होती. भारतातून आलेल्या मजुरांनी दगड वेचून वेचून ऊस लावायला जागा केली. ते हे ढीग."

आबांनी एका दगडावर हात ठेवला. "ह्यो तर आपलाच दगड हाय."

ते बरोबर होतं, आणि किती बरोबर होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. उभ्या उभ्याच मी त्यांना जे वर्गात शिकवते ते सांगितलं. समुद्राच्या तळाखाली या भागात पृथ्वीच्या पोटातली एक आग आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपली भूमी त्या आगीवरून सरकत उत्तरेला गेली. तेव्हा जो तप्त रस वर आला त्याचा आपला तोरणा झाला, वेल्ह्याचे, भोरचे सगळे डोंगर झाले. भूमी पुढे गेली, आग मागे राहिली आणि पुष्कळ काळाने त्याच आगीतून हे बेट वर आलं.

आबांनी ऐकून घेतलं. "मंजी येकाच पोटचं," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भात कुठं दिसत न्हाई?"

"येथे भात पिकत नाही," शकुंतला म्हणाली. "आम्ही दोन्ही वेळा दिरी (तांदूळ) खातो, पण तो सगळा जहाजाने येतो. तुमच्या भारतातून, आणखी कुठून कुठून."

"आन् जहाज न्हाई आलं तर?"

शकुंतलेने देवानंदला प्रश्न समजावला. तो हसला नाही. वादळानंतर बंदर बंद राहतं तेव्हा सगळे हाच विचार करतात, असं तो म्हणाला. वाटेत कळत गेलं ते असं: पूर्वी हा देश नुसत्या साखरेवर जगायचा. मग कपड्यांचे कारखाने आले, समुद्रकाठी हॉटेलं आली, परदेशी पैशाच्या बँका आल्या. मुलं शिकली आणि उसात उतरेनाशी झाली. आता घरं बांधायला, कारखान्यात शिवायला बाहेरून माणसं आणावी लागतात. विलास त्यांतलेच एक.

शकुंतला-देवानंदचं गाव कास्कावेल. छोटी बैठी घरं, चक्रीवादळासाठी सपाट सिमेंटची छपरं, दारात लाल झेंडा आणि तुळस. या भागात मराठी वंशाची बरीच घरं आहेत. गावात देऊळ आहे आणि गणेशचतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. विलास पहिल्या वर्षी रस्त्याने जात असताना त्यांनी देवळातली आरती ऐकली आणि चपला काढून सरळ आत येऊन उभे राहिले. आरती संपल्यावर कोपऱ्यात बसून रडले. तिथून या घराशी ओळख. मग दर रविवारी इथे जेवण. देवळाची सगळी वायरिंग त्यांनीच नव्याने केली होती. मला त्यांनी फोनवर आरतीचं सांगितलं होतं. रडल्याचं नव्हतं सांगितलं.

संध्याकाळी जेवायला डाळपुरी होती. पातळ पोळी, आत भरडलेली पिवळी डाळ, पुरणपोळीच पण गोडाशिवाय. बरोबर ब्रेद (पालेभाजी) आणि टोमॅटोचा रस्सा. आबांनी मान खाली घालून खाल्लं. मग विचारलं, "त्यो कुठं बसायचा?"

देवानंदने खिडकीजवळची जागा दाखवली. ती जागा रिकामीच ठेवली होती. आम्हाला तिथे कुणी बसवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात गेलो. ते समुद्रापासून जवळच आहे. भोवती सुरूची झाडं, त्यांतून वाऱ्याचा सारखा घूं घूं आवाज. खाली काळा दगड आणि मधे एक चौथरा. दूर दक्षिणेला समुद्रात घुसलेला एक उभा कडा दिसत होता, ल मोर्न. गुलामगिरीच्या काळात पळून आलेले लोक त्या कड्यावर लपून राहायचे, आणि पकडले जाण्यापेक्षा काहींनी वरून उड्या टाकल्या असं सांगतात, हे शकुंतलेने मला हळू आवाजात सांगितलं. आबांना तिने सांगितलं नाही.

आबा चौथऱ्यासमोर उभे राहिले. तालुक्याच्या कचेरीत उभं राहावं तसे ताठ.

"इचार त्यांला," ते मला म्हणाले, "डोकं कुनीकडं व्हतं?"

मी शकुंतलेला, शकुंतलेने देवानंदला. उत्तर त्याच वाटेने परत आलं. "दक्षिणेला. त्या कड्याच्या बाजूला."

"तोंडात पानी कुनी घातलं?"

"मी," शकुंतला म्हणाली. "तुळशीपत्र घातले. गंगाजल नव्हते, साधेच पाणी होते."

"चालतंय. खांदा कुनी दिला?"

मग देवानंदने सगळं सांगितलं. शकुंतला वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगत गेली. वादळ ओसरलं होतं, पण रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती. गाडी येईना. देवानंद, बांधकामावरचे दोन बिहारी मजूर आणि एक बांगलादेशी मुसलमान, अशा चौघांनी विलासांना खांद्यावरून आणलं. झाडांच्या फांद्यांवरून, पाण्यातून. एकदा देवानंदचा पाय घसरला, पण त्याने गुडघा टेकला, खांदा खाली जाऊ दिला नाही. इथे आले तर सगळी लाकडं भिजलेली. पेटेनात. तेव्हा अंत्वान नावाचा एक क्रेओल कोळी आला. विलासांनी कधीतरी त्याच्या घरचा दिवा दुरुस्त करून दिला होता. अंत्वानची जुनी होडी छपराखाली कोरडी होती. त्याने कुऱ्हाड घेतली, होडी फोडली आणि फळ्या आणून दिल्या.

"व्हडी फोडली?" आबांनी विचारलं.

"होय. त्या फळ्यांवर अग्नी लागला."

"अग्नी कुनी दिला?"

देवानंदला हा प्रश्न भाषांतराशिवाय कळला. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "म्वा," तो म्हणाला. "मो फ्रेर." (मी. माझा भाऊ.)

त्याने मुंडन केलं होतं. तेरा दिवस सुतक पाळलं होतं, चटईवर झोपला होता, बस चालवायला गेला नव्हता. हे त्याने सांगितलं नाही, शकुंतलेने सांगितलं, आणि ती सांगत असताना तो पायांकडे पाहत राहिला.

मग आबांनी शेवटचं विचारलं. "रडलं का कुनी?"

शकुंतलेने हा प्रश्न पुढे पाठवलाच नाही. "आम्ही सगळे रडलो," ती म्हणाली. तिचं मराठी पहिल्यांदाच अडखळलं. "अंत्वान सर्वांत जास्त."

आबांनी टोपी काढली. चौथऱ्यावर डोकं टेकलं. उठले तेव्हा कपाळाला राखाडी धूळ लागली होती, ती त्यांनी पुसली नाही. "व्हय," ते म्हणाले. "मंग झाली माती."

आणि मग तिथेच, सुरूच्या झाडाखाली, ते बसले आणि रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि इतक्या महिन्यांनी मीही रडले. पलीकडे समुद्र प्रवाळाच्या कड्यावर आदळत होता. इथल्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा येत नाहीत. त्या लांबच फुटतात. आवाज मात्र सारखा येतो.

दुपारी आबा म्हणाले, "आता न्हाव्याकडं चला."

जवळच्या गावात एक केशकर्तनालय होतं, आरसे, दिवे, मोठ्याने गाणी. दुकानदार तरुण क्रेओल होता, दंडावर क्रॉस गोंदलेला. देवानंदने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने गाणं बंद केलं. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवून आबांना बसवलं. वस्तरा फिरवला. काम झाल्यावर त्याने ओल्या फडक्याने आबांचं डोकं हलकेच पुसलं आणि स्वतःच्या छातीवर क्रॉसची खूण केली. आबांनी त्याला नमस्कार केला. दोघांनाही एकमेकांचा एकही शब्द येत नव्हता.

दहाव्याचा विधी समुद्रकाठी केला. गावातल्या पुजाऱ्यांनी मंत्र म्हटले. पिंडाचा भात आम्ही दुकानातून आणलेल्या तांदळाचा होता. पिशवीवर ‘भारत’ असं छापलेलं होतं, तेवढ्यावर आबांचं समाधान झालं. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत बसलो. त्या बाजूला कावळे नाहीत. शकुंतला कासावीस झाली. इतक्यात चिमणीएवढा एक लालभडक पक्षी आला, टुणटुण उड्या मारत पिंडाशी गेला आणि शितं उचलू लागला.

"ह्यो कोन?" आबांनी विचारलं.

"कार्दिनाल," देवानंद म्हणाला.

"आसू दे. हितला कावळा ह्योच."

संध्याकाळी आबांनी अंत्वानकडे जायचा हट्ट धरला. अंत्वान साठीचा, उन्हाने रापलेला, एकटा राहणारा कोळी. दारात जुन्या होडीचा सांगाडा नव्हता, नवीही होडी नव्हती. आता तो दुसऱ्याच्या होडीवर जातो. आबांनी शकुंतलेकडून त्याला सांगितलं, "तुजी व्हडी माज्या ल्येकाला लागली. त्याची भरपाई माज्याकडं न्हाई."

अंत्वान म्हणाला की ती होडी तशीही जुनी होती, आणि होडी माणसाला पलीकडे न्यायलाच असते. शकुंतलेने ते मराठीत सांगितलं तेव्हा आबांनी पुढे होऊन त्याला मिठी मारली. आमच्या भागात पुरुष असे परक्याला मिठ्या मारत नाहीत.

परत येण्याच्या आदल्या दिवशी पोर्ट लुईला गेलो. राजधानीचं हे शहर डोंगर आणि बंदर यांच्यामध्ये दाटीने बसलं आहे. बंदराजवळ काळ्या दगडाच्या जुन्या पायऱ्या जपून ठेवल्या आहेत, आप्रवासी घाट. या बेटावर मूळचं कुणीच नव्हतं. डच आले, त्यांनी आबनूसची जंगलं तोडली, ऊस आणला आणि डोडो पक्षी संपवून निघून गेले. फ्रेंचांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणले. मग इंग्रजांनी बेट जिंकलं. गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाला हात हवे होते, म्हणून करारावर भारतातून माणसं आणली, बिहारची, मद्रासची आणि मुंबई बंदरातून आपल्याकडचीही. ती जहाजातून उतरली ती या पायऱ्यांवर. बहुतेक परत गेलीच नाहीत. एकोणीसशे अडुसष्टमध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांचीच पणतवंडं मतदार होती.

हे मी वर्गात पूर्वीही शिकवलं होतं. पायऱ्यांवर उभं राहून कळलं की मी माणसांबद्दल बोलत होते.

आबांनी शकुंतलेला विचारलं, "तुमचं गाव कंचं म्हनायचं, बाय?"

शकुंतला पायऱ्यांकडे पाहत म्हणाली, "आम्हाला ठाऊक नाही, आबा. पणजोबांचे नाव ठाऊक आहे. मुंबईहून आले एवढे ठाऊक आहे. गाव त्यांनी कुणाला सांगितलेच नाही. मी मुलांना महाराष्ट्र शिकवते. मुले विचारतात, आपले गाव कोणते, तर मी पुढचा धडा उघडते."

आबा पायरीवर बसले होते. मुंडन केलेल्या डोक्यावर टोपी जरा सैल झाली होती. ते सहज, भाताच्या वाणाचं नाव सांगावं तसं म्हणाले, "मंग पासली सांगा."

शकुंतलेला कळलं नाही.

"गाव. कुनी इचारलं तर सांगा पासली, तालुका येल्हं. माज्या ल्येकाला तुमी अग्नी दिला, सुतक धरलं. मंजी भावकी झाली. भावकीचं गाव येकच आसतंय. गावाला म्या सांगीन. कोन न्हाई म्हननार न्हाई."

तिने ते देवानंदला क्रेओलमध्ये सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबली. देवानंदनेच ते पूर्ण केलं. तो हळूच म्हणाला, "पासली." उच्चार थोडा बोबडा होता, शेवटचा ‘ली’ लांबलेला. पुन्हा म्हणाला. आबांनी मान हलवून तो बरोबर असल्याचं सांगितलं.

परतीच्या विमानात आबा झोपले. विलास गेल्यापासून आबांना इतकं गाढ झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. मी खिडकीतून बेट लहान होताना पाहत होते. परदेशात मरणं वाईट, परक्यांच्या हातून मरणक्रिया होणं त्याहून वाईट, असं आमच्याकडे सगळेच मानतात आणि मीही मानत होते. आता मला नीट माहीत होतं की माझ्या माणसाला कुणी खांदा दिला, कशावर ठेवलं, त्याच्यासाठी काय फोडलं. त्यामुळे दुःख कमी झालं नाही. ते मला धरता येण्याजोगं झालं. त्या देशाची लोकसंख्या, क्षेत्रफळ, निर्यात हे सगळं मी पुढेही शिकवीन. पण जो देश एका माणसाच्या नावाने ओळखीचा होतो, तो नकाशावर कधीच लहान राहत नाही.

पासलीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तात्यांनी आमचं भात कापून, बांधून ठेवलं होतं. आबांनी हातपाय धुतले, ओट्यावर बसले आणि तात्यांना म्हणाले, "समद्यांना सांगा. इलास गेला. या आता."

माणसं आली. शेजारपाजारच्या बायका पदराखाली भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या, जणू विलास त्याच आठवड्यात गेले होते. त्यांनी उंबऱ्यात गळा काढला आणि या वेळी कुणी थांबवलं नाही. उत्रोलीहून आलेली मुक्ता माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती.

रडणं ओसरल्यावर आबा बोलू लागले. मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. काळा दगड, ऊस, भात पिकत नाही पण दोन वेळा खातात, पाणी चारी बाजूंनी. होडीचं सांगताना ते थांबले, पण सांगितलं. देवानंदचं नाव सांगितलं, शकुंतलेचं सांगितलं, आणि म्हणाले, "त्यांचं गाव पासली हाय. कदी आले तर पानी इचारा." पुरुषांनी माना हलवल्या.

कोपऱ्यातून तात्यांची म्हातारी आई म्हणाली, "लई लांब आसंल नव्हं?"

आबांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला होता. तो हातातच धरून त्यांनी थोडा विचार केला.

"लांब हाय," ते म्हणाले. "पर जाऊन येता येतंय."